मनागूचं पाणी आणि ओंगेरीसाहेबांचा विषय

नेमुएल ओंगेरी यांना हर्निया झाला होता. ही गोष्ट साऱ्या नाकुरू शहरात आपण, आपली बायको आणि सर्जन अशा तिघांनाच ठाऊक आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. चौथ्या कानाला सुगावा लागू नये म्हणून ते घरातसुद्धा त्या दुखण्याचं नाव घेत नसत. ‘तो विषय’ म्हणत. "आज तो विषय शांत आहे." "खोकल्यावर तो विषय जरा वर आला." जमीन नोंदणीच्या कचेरीत मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला विषय म्हणजे काय आणि तो गोपनीय कसा ठेवायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही.

सर्जनने तपासलं, रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढला.

"ऑपरेशन किरकोळ आहे हो. पण तुमच्या अंगात रक्तच नाही, मी कापू कशाच्या जोरावर? आधी रक्त वाढवून या. तोवर जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, जोरात खोकायचं नाही."

रक्तासाठी लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी रक्ताचं काय झालं ते कळायच्या आतच पोट असं गच्च बसलं की कुंथल्याशिवाय गत्यंतर उरेना. एका डॉक्टरी हुकमाचं पालन करावं, तर दुसऱ्याचा भंग. सरकारी नोकरीत असे प्रसंग पुष्कळ येतात, पण तिथे फाइल वर पाठवता येते. इथे वर कुणी नव्हतं. ओंगेरी परत दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडण्यात आलं. बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, पण आवाज मुख्याध्यापिकेचा.

"बाबा, तुम्ही किसीच्या डोंगरांकडचे ना? मग तुमच्या दारात औषध उगवत होतं की! मनागू, सागा, तेरेरे. लहानपणी खाल्लं असेल."

"लहानपणी खाल्लं," ओंगेरी म्हणाले. "मग नोकरी लागली."

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे नोकरी लागलेला माणूस कोबी खातो. कोबी पांढरा असतो, विकत आणावा लागतो, आणि त्याला कसलीही चव नसते. म्हणजे साहेबी अन्नाची तिन्ही लक्षणं त्यात आहेत. मनागू आणि सागा हे कडू पाले, बांधावर आपोआप उगवणारे, आई परकराच्या ओच्यात खुडून आणायची तसले. तेरेरे तर आपल्या माठाची सख्खी बहीण. बढती मिळालेल्या माणसाने ते खाल्लं तर लोक त्याच्या घरची चौकशी करायला येतात.

बाईंनी मात्र या पाल्यांची अशी काही वंशावळ सांगितली की ओंगेरींना आपल्या बालपणाबद्दल नव्याने आदर वाटू लागला. यांच्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, रक्त घडवणारं फोलेट आहे, डोळ्यांना लागणारं बीटा-कॅरोटीन आहे, क जीवनसत्त्व आहे, पोट साफ करणारा चोथा आहे; कोबीला यांच्या पंगतीत बसायचीसुद्धा लायकी नाही. थोड्या तेलात परता, वरून लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागेल. रटरटा शिजवू नका आणि शिजवलेलं पाणी फेकून देऊ नका, निम्मं सत्त्व त्यात उतरतं.

"आणि जेवणाबरोबर चहा बंद. चहा लोहाला अडवतो."

किसीच्या डोंगरांवर चहाचे मळे आहेत आणि ओंगेरी त्या मळ्यांत जन्मलेले. चर्चच्या पाद्रीबाबांनी एकदा चहा वर्ज्य असल्याचं प्रवचन दिलं होतं, तेव्हा ओंगेरींनी चर्च बदललं होतं. पण पाद्रीबाबांच्या हातात फक्त परलोक होता. या बाईंच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता. ओंगेरींनी मान डोलावली.

घरी येऊन बायकोला, बोसिबोरीला, सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना? उद्या बाजारातून चार जुड्या आणते."

हे बोलणं कुंपणापलीकडून मामा अकोथने ऐकलं. मामा अकोथ म्हणजे अकोथची आई, विधवा बाई, लुओ जमातीची, कपडे शिवायचं दुकान चालवणारी, धिप्पाड आणि मनाने मोकळी. कॉलनीतल्या आठही घरांतलं बोलणं तिला ऐकू येतं. ती म्हणते, यात माझा दोष नाही, भिंतींचा आहे.

"बाजारातला पाला?" ती तिथूनच ओरडली. "बोसिबोरी, अगं तो गटाराच्या पाण्यावर वाढवतात म्हणे! घरी लाव, घरी!"

गटाराचं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं, पण एकदा ऐकल्यावर ते प्रत्येक जुडीत दिसू लागतं. ओंगेरींनी तिथल्या तिथे निर्णय घेतला: कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागची मोकळी जागा, लांबी दोन खाटांएवढी. तिथे मनागू, सागा आणि तेरेरेचा वाफा.

आता वाफा करायचा म्हणजे खणायला हवं, आणि खणणं डॉक्टरांनी मना केलेलं. म्हणून पहिल्या रविवारी सकाळी देखावा असा होता की बोसिबोरी कंबर खोचून कुदळ मारतेय, घामाने न्हाली आहे, आणि ओंगेरी इस्त्रीची पँट घालून, हात मागे बांधून, झाडाच्या सावलीत उभे राहून "थोडं डावीकडे" म्हणताहेत.

नेमके त्याच वेळी कॉलनीचे अध्यक्ष कारीथी तिथे आले. कारीथी बँकेतून निवृत्त झालेले, गोलमटोल, आणि भाजलेल्या मांसाचे निस्सीम भक्त. त्यांच्या मते पालेभाजी हे बकऱ्याचं अन्न, आणि बकरा हे माणसाचं. मधली पायरी माणसाने स्वतः का चढावी?

"वा ओंगेरी!" ते कुंपणाला टेकून म्हणाले. "बायको खणते आणि नवरा हवा खातो. किसीमध्ये अशी पद्धत आहे, का तुम्ही नवीन काढलीत?"

ओंगेरींची कानशिलं तापली. खरं कारण सांगायचं तर ‘तो विषय’ निघतो. न सांगावं तर आळशी नवरा म्हणून आठ घरांत नाव होतं. अशा कोंडीत माणसाच्या तोंडून जे निघतं त्यावर त्याचा ताबा नसतो.

"मी निरीक्षण करतोय," ते म्हणाले. "हे संशोधन आहे."

बोसिबोरीने कुदळ थांबवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"कशावर?" कारीथींनी विचारलं.

"आपल्या पारंपरिक पालेभाज्यांमधली पोषक द्रव्यं," ओंगेरी म्हणाले. आणि तरीही कारीथी हसतच आहेत असं पाहून त्यांनी जोडलं, "आणि इतर उपकारक घटक."

कारीथी निघून गेले. ओंगेरींना वाटलं, मिटलं. पण कॉलनीच्या नियमावलीत सामाईक जागेत रान वाढू देऊ नये असं एक कलम होतं, आणि मनागू हा कुठल्याही शहाण्या माणसाच्या लेखी रानच. पंधरवड्यात बी उगवून हिरवंगार दिसू लागलं तशी अध्यक्षांकडून नोटीस आली. ओंगेरींच्या अंगात रक्त कमी असलं तरी कारकुनी हाडांत शाबूत होती. त्यांनी तीन पानी उत्तर लिहिलं. विषय: निवासी परिसरात पारंपरिक पालेभाज्यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास. संदर्भ: आपली नोटीस. आत लोह, फोलेट आणि बीटा-कॅरोटीन यांना प्रत्येकी एक परिच्छेद होता आणि शेवटी ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर’ असं होतं.

कारीथींनी तेच पत्र काउंटीच्या कृषी कार्यालयाकडे पाठवून दिलं. हेतू असा की सरकारी माणूस येईल, हे रान आहे असं लिहून देईल, आणि ओंगेरींचं संशोधन मुळासकट उपटलं जाईल.

ओंगेरी हे ऐकून मनातल्या मनात हसले. सरकारी कचेरीत आलेल्या पत्राचं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? असली पत्रं त्यांनी स्वतः कपाटाच्या खालच्या कप्प्यात म्हातारी होताना पाहिली होती.

पुढच्याच मंगळवारी दारात सरकारी गाडी उभी राहिली.

गाडीतून कृषी अधिकारी जेपकोरिर मॅडम उतरल्या. पायात गमबूट, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर इतका आनंद की ओंगेरींना वाटलं या चुकीच्या घरी आल्या.

"तुम्हीच ते ओंगेरीसाहेब? अहो, तुमचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं! लोक माझ्याकडे येतात ते कोबीवरची कीड घेऊन. मनागूबद्दल कुणी तीन पानं लिहिलेली मी नोकरीत पहिल्यांदा पाहतेय."

कारीथी मागे उभे होते. "मॅडम, हे रान आहे ना?"

"रान?" मॅडम वळल्या. "साहेब, तुमच्या हिरवळीला मी रान म्हणेन. हे अन्न आहे."

मग त्या वाफ्यात उकिडव्या बसल्या. पानं उलटी करून पाहिली, एक चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि खूश झाल्या. "खत कसलं घातलंत?"

"माझ्या कोंबड्यांचं!" मामा अकोथ कुंपणावरून म्हणाली.

"छान. आणि साहेब, नियंत्रण वाफा कुठे आहे तुमचा?"

प्रयोगात तुलनेसाठी ठेवलेल्या वाफ्याला असं म्हणतात हे ओंगेरींना ठाऊक नव्हतं, पण नियंत्रण म्हटल्यावर त्यांनी सवयीने बोसिबोरीकडे बोट दाखवलं. "सगळं हिच्याच नियंत्रणात आहे."

मॅडमना हा विनोद वाटला आणि त्या पोटभर हसल्या. जाताना म्हणाल्या, "मी इथे मेळावा घेणार. तुमच्या वाफ्यावर. आजूबाजूच्या कॉलन्यांतल्या बायकांना बोलावू, स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक करू, आणि तुम्ही भाषण द्यायचं. पोषक द्रव्यं आणि," त्यांनी पत्र उघडून पाहिलं, "इतर उपकारक घटक."

गाडी गेल्यावर बोसिबोरी म्हणाली, "आता?"

"आता काय!" ओंगेरी म्हणाले. "आता संशोधन करावं लागणार."

आणि खरोखर त्यांनी ते केलं. सार्वजनिक वाचनालयात बसून फोलेटवर वाचलं. अँटिऑक्सिडंट हा शब्द आरशासमोर म्हणून पाहिला. रोज दोन वेळा मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीबरोबर मनागू खाल्ला, लिंबू पिळून, चहाशिवाय. पहिले आठ दिवस त्यांचं तोंड असं कडू होतं की बोसिबोरीने बोलणंही कमी केलं. पण पोट मोकळं झालं. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. चेहऱ्यावर तुकतुकी आली, असं मामा अकोथ म्हणाली, आणि ती शिवणकाम करणारी बाई असल्याने तिची नजर मापाला पक्की होती.

प्रश्न एकच होता आणि तो घरातच होता. बोसिबोरीला पाल्याचं पहिलं पाणी ओतून द्यायची सवय. तिची आई ओतायची, आजी ओतायची. "कडूपणा जातो," ती म्हणे. "सत्त्व जातं," ओंगेरी म्हणत. मामा अकोथचा तिसराच पंथ. तिच्या मते पाल्यात दूध घालून तो एक-दोन दिवस मुरवत ठेवायचा, पुन्हा पुन्हा गरम करायचा, मग तो गोड लागतो. शेवटी तिघांनी जेपकोरिर मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "फार कडू असेल तर पहिलं पाणी टाकलं तरी चालतं, पण सत्त्व जातं हे खरं. दूधही चांगलं. कोवळी पानं घ्या आणि थोडक्या पाण्यात शिजवा, म्हणजे टाकायची वेळच येणार नाही."

या उत्तरावर तिघेही तृप्त झाले, कारण प्रत्येकाला आपणच जिंकलो असं वाटलं. भांडण जागच्या जागी राहिलं.

मेळाव्याचा दिवस उजाडला. दोन खाटांएवढ्या वाफ्यासाठी मांडव आला तो चर्चएवढा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, कर्णा आला, बॅनर आला, त्यावर ओंगेरींचं आडनाव चुकीचं लिहिलेलं होतं. शेजारच्या चार कॉलन्यांतल्या बायका आल्या. बोसिबोरीने भल्या मोठ्या पातेल्यात मनागू चढवला. एवढ्या माणसांचा म्हणून पाणीही अंमळ जास्तच घातलं. मामा अकोथने आपलं दुधात मुरवलेलं मडकं आणून शेजारी ठेवलं आणि त्याच्यापुढे पाय रोवून उभी राहिली. कारीथी पहिल्या रांगेत बसले. अध्यक्ष म्हणून त्यांना बसणं भाग होतं, पण त्यांनी खिशात भाजलेल्या मांसाची पुडी आणली होती आणि तिचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत जात होता.

ओंगेरी कोट-टाय घालून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची भाषणं टंकलेखनाला दिली होती. आज प्रथमच कर्णा त्यांच्या हातात होता. आणि ते चांगलं बोलले. कोबीची त्यांनी जी हजेरी घेतली ती ऐकून मागच्या बायका टाळ्या वाजवू लागल्या.

"मैत्रिणींनो," ते म्हणाले, "रक्त हे बाजारात मिळत नाही. ते या पानांत आहे! आणि पानांत जे आहे ते शिजवल्यावर पाण्यात उतरतं. म्हणून ते पाणी कधीही, कदापि..."

इथे त्यांची नजर चुलीकडे गेली. बोसिबोरीने फडक्यांनी पातेल्याचे कान धरले होते आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ती ते गटाराकडे वाकवत होती.

"बोसिबोरी! फोलेट!"

ही हाक कर्ण्यातून रेल्वे स्टेशनपर्यंत गेली असावी. बोसिबोरी दचकली, पातेलं कलंडलं, आणि ओंगेरींनी कर्णा फेकून धाव घेतली. कोटाच्या बाह्या तळव्यांवर ओढून पातेलं खालून धरलं आणि उचललं. सगळं. पाला, पाणी, फोलेट आणि पातेल्याचं स्वतःचं वजन.

आत कुठेतरी काहीतरी सरकलं. आणि परत जागेवर गेलं नाही.

ओंगेरी तसेच उभे राहिले. हातात पातेलं, गुडघे किंचित वाकलेले, चेहऱ्यावर दूर क्षितिजाकडे पाहणाऱ्या माणसाचा भाव. बायकांना वाटलं हा प्रात्यक्षिकाचा भाग आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"बघा, वाकून उचलायची पद्धत!" एक बाई शेजारणीला म्हणाली. "कंबर नाही वाकवली."

"बोसिबोरी," ओंगेरी ओठ न हलवता म्हणाले, "तो विषय."

"काय?"

"तो विषय बाहेर आलाय. आत जात नाही."

बोसिबोरीने पातेलं काढून घेतलं. ओंगेरींना घाम फुटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. मामा अकोथ दोन ढांगांत आली, तिने त्यांना काखेत धरलं आणि कारीथींवर ओरडली, "अध्यक्ष! पुडी ठेवा आणि पाय धरा! हर्निया अडकलाय साहेबांचा!"

"तुम्हाला," ओंगेरी कळा सोसत पुटपुटले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो साहेब, दोन वर्षं तुम्ही खिशात अंडं ठेवल्यासारखे चालता. सगळ्या कॉलनीला माहीत आहे. उगाच बोलू नका, श्वास घ्या."

जेपकोरिर मॅडमच्या सरकारी गाडीत मागे त्यांना आडवं केलं. बाजूला बियांची पोती होती. गाडी दवाखान्याकडे धावली तेव्हा बोसिबोरीने त्यांचा हात धरला होता, आणि आता तिच्या चेहऱ्यावर थट्टेची रेषसुद्धा नव्हती.

"मी पाणी ओतायला नको होतं," ती म्हणाली.

"मी हाक मारायला नको होती."

"मी मेले तरी यापुढे ओतणार नाही. तुम्ही नीट व्हा फक्त."

ओंगेरींनी डोळे मिटले. एवढ्या वर्षांत प्रथमच ते एखाद्या वादात जिंकले होते आणि त्यांना तो विजय मुळीच नको होता.

सर्जन म्हणाले, थांबता येणार नाही, आत्ताच उघडावं लागेल. रक्त तपासलं. काठावर होतं, पण काठाच्या आतल्या बाजूला. "दोन महिन्यांपूर्वी असतं तर माझे हात बांधले गेले असते," ते म्हणाले. "काय खाल्लंत?" ओंगेरींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण भूल देणाऱ्याने त्यावर मास्क ठेवला, आणि पालेभाज्यांवरचं त्यांचं दुसरं व्याख्यान तिथेच संपलं.

तरी हाताशी असावं म्हणून एक पिशवी रक्त हवं होतं. मेळाव्यातली निम्मी माणसं दवाखान्यात लोटली होती. कारीथी सगळ्यांत पुढे. त्यांनी बाही वर केली आणि म्हणाले, "माझं घ्या. पक्कं मांसाचं रक्त आहे."

नर्सने बोटाला टोचून थेंब तपासला, पुन्हा टोचून पुन्हा तपासला.

"बाबा, तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुमचंच कमी आहे. तुम्हाला द्यावं लागेल."

"अशक्य! मी रोज..."

"रोज जेवणावर किती कप चहा घेता?"

कारीथींनी बाही खाली केली. त्यांचे कप मोजायला बँकेतलं यंत्र लागलं असतं. ते बाकावर जाऊन बसले आणि कितीतरी वेळ आपल्या बोटावरच्या कापसाकडे पाहत राहिले. रक्त शेवटी मामा अकोथचं लागलं. तिचं असं लालभडक होतं की नर्सने शेजारच्या नर्सला बोलावून दाखवलं. मामा अकोथ पलंगावर आडवी पडून मोठ्याने सांगत होती, "दुधात मुरवलेलं आहे, बरं का! लिहून ठेवा!"

ऑपरेशन नीट पार पडलं. ओंगेरी शुद्धीवर आले तेव्हा उशाशी तीन डबे होते. एक बोसिबोरीचा, पाण्यासकट. एक मामा अकोथचा, दुधातला. तिसरा कुणाचा हे कळेना, तोवर पडद्याआडून कारीथी डोकावले.

"माझ्या बायकोने केलाय," ते हळूच म्हणाले. "तेरेरे. मीही खाल्लं. वाईट नाही लागत. पण ओंगेरी, पुढच्या वेळी एखादी जुडी मिळेल का? नोटीस मी मागे घेतली आहे."

"लेखी द्या," ओंगेरी म्हणाले, आणि हसायला गेले, आणि टाक्यांनी त्यांना तिथेच आवरलं.

एवढ्यावर निभावलं असतं तर बरं झालं असतं. पण मेळाव्याला आलेल्या बायका चार कॉलन्यांतल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनी काय पाहिलं होतं? एक माणूस मनागूची स्तुती करत होता, मनागूच्या पातेल्याला त्याने हात लावला आणि तो कोसळला. पंधरा दिवसांत या गोष्टीला पाय फुटले. पहिल्या कॉलनीत म्हणत होते, मनागू खाऊन ओंगेरींच्या पोटात बिघाड झाला. दुसऱ्या कॉलनीत, पोट फाटलं. बाजारात पोचेपर्यंत बातमी अशी झाली होती की त्यांच्या आत फोलेट फुटलं. मनागू विकणाऱ्या बायकांच्या टोपल्या तशाच परत जाऊ लागल्या. जेपकोरिर मॅडमचा रडवेला फोन आला: मेळाव्यातलं बी नेऊन केलेले वाफे तीन कॉलन्यांनी उपटून टाकले.

ओंगेरी शनिवारी सकाळी व्हरांड्यात बसून हे ऐकत होते. त्यांनी फोन ठेवला.  मग उठले, कोट घातला, पोटावर हात धरून सावकाश फाटकापर्यंत गेले.

"कुठे निघालात?" बोसिबोरी धावत आली. "डॉक्टरांनी सांगितलंय..."

"सार्वजनिक सूचना द्यायला."

रविवारऐवजी शनिवारी सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळणारं चर्च सुटलं होतं. सब्बाथच्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायका घोळक्याने रस्त्यावरून येत होत्या. ओंगेरींना पाहून त्या कुजबुजल्या आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागल्या.

"थांबा!" ओंगेरी म्हणाले.  त्यांनी टाक्यांवर हात दाबला आणि सुरुवात केली. "बायांनो, ऐका. माझ्या पोटात काही फुटलं नाही. मला हर्निया होता. हर्निया! दोन वर्षांपासून. जांघेत. इथे!" आणि त्यांनी दाखवलं. "माणसाचं आतडं भिंतीतून डोकं काढतं, त्याला हर्निया म्हणतात. मी तो लपवला. तुमच्यासमोर मी जड पातेलं उचललं म्हणून तो अडकला. त्यात कोबी असता तरी अडकला असता. उलट मनागूने माझं रक्त वाढवलं म्हणून मी वाचलो. दोष माझा आहे. पाला निर्दोष आहे!"

 पाद्रीबाबांनी छत्री उघडली आणि पुन्हा मिटली. मग कुठून तरी एक बाई खुदकन हसली, आणि तिचं हसू इकडून तिकडे लागत गेलं. ओंगेरी लालबुंद होऊन उभे राहिले. फाटकाच्या गजांना त्यांनी घट्ट धरलं होतं. पण ते आत पळून गेले नाहीत. एका बाईने विचारलं, "बी मिळेल का हो?" दुसरीने विचारलं, "पाणी खरंच टाकायचं नाही?" मामा अकोथ दुकान सोडून आली आणि दुधाबद्दल सांगू लागली. बोसिबोरी आली आणि पाण्याबद्दल सांगू लागली. दोघींचं जुंपलं. एकूण सभा चांगली झाली.

हळूहळू गर्दी पांगली. एक गृहस्थ मात्र रेंगाळला. उंच, अंगात काळा कोट, दुसऱ्या कॉलनीतला. तो वाफ्याकडे असा बघत होता जणू त्याला पानांचा आकार पाठ करायचा आहे. सगळे गेल्याची खात्री झाल्यावर तो फाटकाजवळ सरकला.

"साहेब," तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "एक विचारू? खोकल्यावर... तुमचाही वर यायचा?"

ओंगेरींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग फाटक उघडलं.

"या, आत या. बसून बोलू. थांबा, खुर्ची आणतो." ते दोन पावलं गेले आणि थबकले. "नाही, मला उचलायची मनाई आहे."

"मी आणतो ना," पाहुणा म्हणाला, आणि खुर्चीकडे वाकता वाकता तोही थबकला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बोसिबोरी!" ओंगेरींनी हाक मारली. "जरा दोन खुर्च्या आण गं!"

बोसिबोरीने खुर्च्या आणून ठेवल्या, पाहुण्याची चाल एकवार न्याहाळली, आणि काही न विचारता परडी घेऊन वाफ्याकडे गेली.